अँटीबॉडी आल्या म्हणजे हिपॅटायटिस सी पुन्हा होत नाही का?

तुमचा प्रश्न: अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी च्या अँटीबॉडीची चाचणी) रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आहे, पीसीआर (रक्तात विषाणूच आहे का ते बघणारी चाचणी) निगेटिव्ह. मग आता संरक्षण आहे ना, आणि लस कधी येणार?

संरक्षण आहे असं धरून अजिबात चालू नका. आमच्या घरात हेच धरून चाललो होतो.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, वाशीला. ऐरोलीहून लोकलने मीच न्यायचे. परतताना ते फिस्टुलावरचा (डायलिसिसच्या सुया टोचायला हातावर जोडून केलेल्या रक्तवाहिनीवरचा) कापूस अंगठ्याने दाबून बसायचे. 2019 ला हिपॅटायटिस सी निघाला, जीनोटाइप (विषाणूचा प्रकार) 3. 12 आठवडे गोळ्या घेतल्या, त्यानंतर 12 आठवड्यांनी पीसीआर केली, ती निगेटिव्ह. पुढे दर 6 महिन्यांनी पीसीआर करायची होती. दादाने रिपोर्टवरच्या 'रिॲक्टिव्ह'वर बोट ठेवलं. "अगं, अँटीबॉडी आहेत की! कांजण्या काय दोनदा होतात? कशाला पैसे घालवायचे?" मी गप्प बसले, ते आजही सलतं. दीड वर्षाने एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम) वाढलं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, लाखांत, आणि या वेळी जीनोटाइप 1. म्हणजे जुना उलटला नव्हता, नवाच शिरला होता.

अँटी-एचसीव्ही म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण. बरं झाल्यावरही ती वर्षानुवर्षं राहते. अँटीबॉडी विषाणूच्या बाहेरच्या ई2 प्रथिनाला धरायला जातात आणि त्याचाच एक भाग विषाणू सतत बदलतो, वर साखरेच्या रेणूंचं पांघरूण. यकृतपेशीवरच्या सीडी81 या प्रथिनाला ई2 ज्या जागेने चिकटतं, ती जागा मात्र फारशी बदलत नाही. तिला धरणाऱ्या अँटीबॉडी लवकर तयार झाल्या तर काहींचा विषाणू औषधाशिवाय जातो. लसवाले तसल्या अँटीबॉडींच्याच मागे आहेत, पण लस अजून नाही. 2021 मध्ये ज्या मोठ्या चाचणीचा निकाल आला ती लस अँटीबॉडींवर नाही, तर टी पेशींवर (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) बेतलेली होती. सुरुवातीचा विषाणू कमी झाला, जुनाट आजार काही टळला नाही. हिपॅटायटिस बी ची लस घेतली असेल तर तिचा सी ला उपयोग नाही.

हं, औषधाशिवाय बरे झालेल्यांना पुन्हा लागण झाली तर बऱ्याच जणांचा विषाणू दुसऱ्यांदाही आपोआप जातो, तेव्हा शरीर काहीच शिकत नाही असं नाही. तुम्ही त्यातले असालही. तरी डायलिसिस किंवा सुयांचा संबंध असेल तर पीसीआर चुकवू नका. बाबा दुसऱ्यांदाही गोळ्यांनीच बरे झाले. सरकारी कार्यक्रमात 2018 पासून या गोळ्या मोफत मिळतात.

दादा अजून म्हणतो, "तेव्हा कुणाला माहीत होतं?" सिस्टरने बाबांच्या फाइलवर निळ्या पेनाने लिहून दिलं होतं, 'पीसीआर, दर 6 महिने'. ती फाइल माझ्या कपाटात आहे.