कमानीच्या फ्लेक्सला पर्याय

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाची कमान दरवर्षी नव्या फ्लेक्सने मढवतो. याला पर्याय आहे का? जुन्यांचं काय करायचं?
– एक कार्यकर्ता, सिन्नर

उत्तर : दादा, फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीला चिकटवलेलं पीव्हीसी हे प्लास्टिक. हे थर सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला तो घ्यायला नाखूश असतो. १ जुलै २०२२पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. कमानीचा फ्लेक्स मात्र जाड, म्हणून बंदीतून सुटतो. बोर्ड रंगवण्यात हयात गेलेल्या मला हे फार खटकतं.

तुम्ही जाड मांजरपाट घ्या. चौकटीवर ताणून बसवा, प्रायमरचा हात द्या आणि गावातल्या पेंटरकडून ऑइलपेंटमध्ये अक्षरं काढून घ्या. भाद्रपदातल्या सरी तो रंग झेलतो. कापडावर फक्त मंडळाचं नाव असू द्या. साल आणि शुभेच्छुकांची नावं वेगळ्या पट्टीवर, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढी पट्टीच बदलायची. उत्सव संपला की कापड वाळवून गुंडाळा. घडी घातली तर रंग तडकतो.

छपाईच हवी असेल, तर निव्वळ पॉलिइथिलीनचं, म्हणजे पिशव्यांच्या प्लास्टिकचं, बॅनर मागा. ते वितळवून पुन्हा वापरता येतं, पण परत घेण्याचं छापणाऱ्याकडून आधी कबूल करून घ्या.

जुने फ्लेक्स चाऱ्याच्या गंजीवर घाला. बंबात मात्र अजिबात नको. त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं असतात.