बारीक, निर्व्यसनी माणूस अटॅकने जातो, मग रिस्क फॅक्टरच्या संशोधनाचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसमधला तुमचा सहकारी ४१व्या वर्षी अटॅकने गेला. सिगारेट नाही, दारू नाही, शाकाहारी, अंगाने बारीक, आणि काही महिन्यांपूर्वीच कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल आलेली. तुमचं वय ३६, वडिलांची बायपास ५२व्या वर्षी झालेली. ज्याला काहीच रिस्क नव्हती तोच गेला, मग हे संशोधन फक्त गोऱ्या लोकांच्या कामाचं आहे की शेवटी सगळं नशिबावरच, असा तुमचा प्रश्न.

सहकाऱ्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं. घरात लहान मुलं असतील तर त्या घरावर काय कोसळलं असेल, याची कल्पनाही करवत नाही.

मी ठाण्यात राहते आणि एका मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात आकडेवारीचं काम करते. गोळ्या लिहून देणारी डॉक्टर मी नाही, पण ज्या अभ्यासांवरून त्या गोळ्या ठरतात ते वाचण्यातच माझा दिवस जातो. माझं म्हणणं असं आहे की हे संशोधन आपल्याला लागू पडतं, थोडं जास्तच पडतं. अडचण वेगळीच आहे. 'काहीच रिस्क नव्हती' हे आपण माणसाकडे नुसतं बघून ठरवतो आणि यातल्या बहुतेक गोष्टी बघून कळत नाहीत.

हे सुरू कुठून झालं ते थोडक्यात सांगते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या काही वर्षांत त्यांचा रक्तदाब चढतच गेला होता आणि त्यांचे डॉक्टर 'या वयात एवढं चालायचंच' म्हणत राहिले. तेव्हाची समजच तशी होती. १९४८ पासून अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंदणी झाली. नोंदवताना त्यांना हृदयविकार नव्हता. दर दोन वर्षांनी त्यांना तपासत राहायचं आणि पुढे कुणाला अटॅक येतो, कुणाला येत नाही, ते पाहायचं, एवढीच योजना. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला: ज्यांचा रक्तदाब जास्त, कोलेस्टेरॉल जास्त, त्यांच्यात पुढे अटॅकचं प्रमाणही जास्त. 'रिस्क फॅक्टर', म्हणजे धोका वाढवणारी गोष्ट, ही भाषा तिथून रूढ झाली. पुढे त्याच गावात त्या लोकांची मुलं आणि मग नातवंडंही अभ्यासात आली.

आता गोऱ्या लोकांचा मुद्दा. २००४ मध्ये सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देश, पहिला अटॅक आलेले सुमारे १५,००० रुग्ण आणि तुलनेसाठी जवळपास तितकेच अटॅक न आलेले लोक. त्यात भारतही होता. तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय, अशा नऊ गोष्टींनी मिळून पुरुषांतल्या अटॅकच्या धोक्याचा ९० टक्के आणि स्त्रियांतल्या धोक्याचा ९४ टक्के हिशेब लागत होता. सगळ्या खंडांत यादी तीच निघाली. फरक वयात होता. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक मध्यमानाने ५३व्या वर्षी आलेला, बाकीच्यांना ५९च्या आसपास. आणि तो लवकर का येतो, याचं बरंचसं उत्तरही त्याच यादीत सापडलं: आपल्याकडे या गोष्टी तरुण वयातच बिघडलेल्या असतात. म्हणून ही तपासणी आपण तिशीतच करायला हवी.

'बारीक' या शब्दावर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या घराघरांत हाच शब्द निर्धास्त करून टाकतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघेही सडपातळ! आपल्या बांध्यात हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृताभोवती. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा घेर पाहायचा असतो: पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८०च्या आत. हा घेर पँटच्या मापावरून धरू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, उघड्या अंगावर टेप धरायची.

स्ट्रेस टेस्टचं कोडंही असंच सुटतं. लोकांना वाटतं की नळीत गाळ साचत जातो आणि एक दिवस ती बंद पडते. तसं असतं तर टेस्टमध्ये आधी कळलं असतं. प्रत्यक्षात चरबी धमनीच्या भिंतीच्या आत साठते. जुन्या इमारतीत पावसाळ्यात गिलाव्याखाली ओल धरते, वरून रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस पोपडा फुटतो, तसं हे आहे. आतल्या साठ्यावरचा पातळ पापुद्रा फाटला की शरीर त्याला जखम समजतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. बऱ्याचदा फाटण्याआधी त्या जागी रस्ता अर्ध्यापेक्षा जास्त मोकळा असतो. स्ट्रेस टेस्ट पकडते ती मोठी अडचण, साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढची. तुमच्या सहकाऱ्याची टेस्ट चुकीची होती असं समजायचं कारण नाही. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

रविवारी सकाळी कचराळी तलावावर आम्ही काहीजण रक्तदाब मोजायला बसतो. चालायला येणारी मंडळी म्हणजे तब्येतीची काळजी घेणारीच. तरी तिथे नेहमी दिसणारं एक चित्र सांगते. तिशी-चाळिशीतला, चपळ, पोट सुटलेलं नसलेला तरुण मजेत हात पुढे करतो, 'ताई, माझंही बघा'. आम्ही लगेच मोजत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसवतो, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेकलेला, बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा किंवा सिगारेट झाली असेल तर थांबायला सांगतो. पट्टा शर्टावरून बांधत नाही. दोनदा मोजतो. एवढं करूनही आकडा चढलेलाच येतो, १५८/१०२. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'पण माझं डोकं तर कधी दुखत नाही.' दुखणारच नाही. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, म्हणून तर मोजायचं. एका मापावर आम्ही कुणाला बीपीचा पेशंट ठरवत नाही, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा या आणि डॉक्टरांकडे जा, हे अगदी गळ घालून सांगतो. त्यातले काही पुन्हा येत नाहीत, त्याची मला खरोखर रुखरुख लागते.

आता नशिबाबद्दल. हे संशोधन 'कुणाला' येणार ते सांगत नाही, 'किती जणांना' ते सांगतं. समजा एका मोठ्या संकुलात १,००० माणसं आहेत. (आकडे हिशेबासाठी घेतलेत.) त्यातली १०० जास्त जोखमीची, दहा वर्षांत शंभरात २० जणांना अटॅक. उरलेली ९०० कमी जोखमीची, शंभरात ४. पहिल्या गटात अटॅक येतील २० आणि दुसऱ्या गटात ३६. म्हणजे जास्त अटॅक 'धोका कमी' असलेल्यांतच, कारण ती माणसंच जास्त आहेत. ब्रिटिश संशोधक जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात हे नीट मांडलं. तुमच्या मनात जे आलं, की ज्याला धोका नव्हता तोच गेला, ते या हिशेबात बसतं. संशोधन खोटं पडलं असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून नुसते जास्त जोखमीचे लोक हुडकून भागत नाही, सगळ्यांचाच आकडा थोडा थोडा खाली आणावा लागतो. फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ पासून पेक्का पुस्का आणि मंडळींनी तेच केलं. लोणी कमी, मीठ कमी, तंबाखू कमी, रक्तदाबाची तपासणी, आणि हे सगळं गावातल्या महिला मंडळांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांना हाताशी धरून. चाळीसेक वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. नशीब एवढं बदलत नाही.

चालण्याचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. पण ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील तर? ही शंका मॉरिस यांनी स्वतःच घेतली, गणवेशाच्या पँटची मापं काढली, आणि खरंच ड्रायव्हरांचे घेर मोठे निघाले. तरीही फरक नुसत्या जाडीने भरून निघत नव्हता. स्वतःच्या निष्कर्षाला असं उलटं तपासणारी माणसं या क्षेत्रात आहेत, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. तुम्हाला रबाळे-ऐरोलीच्या ऑफिसात नऊ तास बसावं लागत असेल तर रोज अर्धा तास भरभर चाला. स्टेशनचा जिना सरकता असला तरी साध्या जिन्याने चढा.

मिठाबद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आणि लोणचं, पापड, फरसाण, पाव यांत ते न दिसता पोटात जातं. तंबाखूबद्दल: 'सिगारेट ओढत नाही' म्हणणारे बरेच जण मळलेली तंबाखू खातात आणि मिश्री लावणाऱ्या आज्या तर ती व्यसनात धरतच नाहीत. तीही तंबाखूच.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची, म्हणजे स्टॅटिनची, आपल्याकडे फार धास्ती आहे. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात बुरशीत या गटातलं पहिलं रसायन सापडलं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: साडेपाचेक वर्षांत गोळी घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. डॉक्टरांनी दिली असेल तर कुणाच्या फॉरवर्डवरून ती बंद करू नका, हे कळकळीने सांगते. उलट 'रक्त पातळ राहावं' म्हणून स्वतःच्या मनाने रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांत दिसलं की ज्यांना आधी हृदयविकार झालेला नाही त्यांना फायदा नाही किंवा थोडाच आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ती सोडायची नाही. ब्लॉकेज विरघळवणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वडिलांचा आजार पंचावन्नच्या आत सुरू झाला, म्हणजे तुमची जोखीम इतरांपेक्षा जास्त धरायची. या महिन्यातच रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि पोटाचा घेर मोजून घ्या. त्यासोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, याची तपासणी आयुष्यात एकदा करा. त्याचं प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असतं, ही तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते, आणि बारीक, निर्व्यसनी माणसाच्या अटॅकमागे कधी कधी हेच वाढलेलं प्रमाण निघतं. रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा आणि वडिलांचं वय सांगायला विसरू नका. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, लॅबच्या छापील रेंजमध्ये असलं तरी तुमच्यासाठी ते कमी हवं का, हा प्रश्न स्पष्ट विचारा. किती वर्षं रक्तात किती एलडीएल राहिलं, यावर धमनीच्या भिंतीतला साठा ठरतो, म्हणून ३६ हे वय लवकर नाही.

आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम, असं काही झालं तर 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ला फोन करा किंवा लगेच कुणाला तरी सोबत घेऊन ईसीजी निघेल अशा हॉस्पिटलात जा. स्वतः गाडी चालवत घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकू नका.

एक विनंती आहे. तुमच्या सहकाऱ्याला सख्खे भाऊ-बहीण असतील तर थोडे दिवस जाऊ देऊन त्यांच्याशी बोला. ४१व्या वर्षी अटॅक म्हणजे त्या सगळ्यांनी लिपिड प्रोफाइल आणि लायपोप्रोटीन-ए करून घ्यायला हवं. कोलेस्टेरॉल जन्मापासूनच खूप जास्त ठेवणारा एक आनुवंशिक दोष साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि तो मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. घरात कुणाचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त निघालं तर त्यांच्या आणि सहकाऱ्याच्या मुलांचंही रक्त तपासायला बालरोगतज्ज्ञांना सांगा. लहानपणी कळलं तर यावर उपचार आहेत.