रॉयल्टीचा दर राहू द्या, चेहऱ्याचा करार कुठे आहे?

प्रश्न : मित्राची कंपनी एका जुन्या हॉलिवूडपटाच्या नायकाची संग्राहकांसाठीची ॲक्शन फिगर काढते आहे. निवृत्तीच्या पुंजीतला 70 टक्के भाग मी त्यात घालतोय. स्टुडिओचे दोन प्रस्ताव आहेत : 10 टक्के रॉयल्टी आणि मोठी मिनिमम गॅरंटी, किंवा 12 टक्के आणि निम्मी गॅरंटी. कोणता घ्यावा? नट हयात नाही, त्यामुळे चेहऱ्याची अडचण नाही. वर्षाला 18 टक्के नक्की सुटतील असं मित्र म्हणतो. स्टुडिओला वैयक्तिक हमी मीच देतोय.

उत्तर : 12 टक्केवाला घ्या. तुमचे आकडे सोपे करून मांडतो. फिगरची किरकोळ किंमत 100, घाऊक भाव 50, रॉयल्टी घाऊक भावावर. 1000 नगांवर 10 टक्क्यांनी 5,000 होतात, 12 टक्क्यांनी 6,000. पण गॅरंटी, म्हणजे माल कितीही खपो, स्टुडिओला द्यावीच लागणारी किमान रॉयल्टी, पहिल्यात 12,000 आहे, दुसऱ्यात 6,000. स्वस्त दिसणाऱ्या दरात दुप्पट मोजाल. ती गॅरंटी फिटायला 2,400 नग खपायला हवेत आणि तुम्ही काढताय 1000.

आता न विचारलेलं. ‘नट हयात नाही, त्यामुळे अडचण नाही’ हे कोणी सांगितलं तुम्हाला? स्टुडिओ पात्र देतो : नाव, पोशाख, चिन्ह, चित्रपटाचं शीर्षक. पोशाखावर बसणारं डोकं नटाचं. नटाच्या मूळ करारात मालावर चेहरा वापरायची मुभा असेल, तरच स्टुडिओ ती तुम्हाला देऊ शकतो. ‘चिअर्स’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या नावाचे बार विमानतळांवर चालवणाऱ्या कंपनीकडे पॅरामाउंट स्टुडिओचा रीतसर परवाना होता. मालिकेतल्या दोन पात्रांवर बेतलेल्या तिथल्या यांत्रिक पुतळ्यांची नावंही बदललेली, हँक आणि बॉब. तरी जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झेनबर्गर या त्या पात्रांच्या नटांनी दावा लावला आणि 1997 मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला.

मृत्यूने चेहऱ्यावरचा हा हक्क संपतो असंही नाही. कॅलिफोर्नियात तो मृत्यूनंतर 70 वर्षं वारसांकडे राहतो. रॉबिन विल्यम्स यांनी तर आपल्या प्रतिमेच्या वापरावर मृत्यूनंतर 25 वर्षांची बंदी कागदोपत्री घालून ठेवली. वारस हो म्हणाले तरी डोक्याचा नमुना, रंगकाम, खोका, सगळं त्यांच्या मंजुरीला जातं. जबडा जरा रुंद वाटला की नमुना परत. परवान्याची मुदत मात्र तेव्हाही सरकत असते. ती संपली की उरलेला माल विकायला जेमतेम काही महिने, आणि साचा निरुपयोगी. (हेल्मेट किंवा मुखवटा घातलेली पात्रं कंपन्यांना उगाच आवडत नाहीत!)

आणि हे 18 टक्के कुठून येतात? घाऊक विक्रीचे 50,000. त्यातून साचा आणि उत्पादन 30,000, वारसांचे 5 टक्के धरून 2,500, 10 टक्क्यांच्या प्रस्तावातली 12,000 गॅरंटी. उरले 5,500. गुंतले 42,000, निदान दोन वर्षांसाठी. वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास, तेही एकूण एक नग खपला तर, आणि वाहतूक, गोदाम, पगार धरलेच नाहीत. 12 टक्क्यांच्या प्रस्तावात 11,500 उरतात, पण हे खर्च आणि न खपलेला माल त्यातूनच जाणार. ‘नक्की’ हा शब्द मित्राने कशाच्या जोरावर वापरला, ते विचारा. प्री-ऑर्डरचे आगाऊ पैसे दाखवून वापरला असेल, तर ते उत्पन्न नव्हे, देणं आहे. चेहरा नामंजूर झाला की परत करावं लागेल.

खरा धोका तुमच्या सहीत आहे. चेहरा मिळाला नाही तर विक्री शून्य, पण मिनिमम गॅरंटी विक्रीवर अवलंबून नसते. कंपनीकडे पैसे नसतील, मग स्टुडिओ जामीनदाराकडे येणार. उरलेली 30 टक्के पुंजीही त्यात जाईल.

म्हणून वैयक्तिक हमी देऊ नका, कोणत्याही दराला. मित्राकडून परवान्याच्या मसुद्यातलं चेहरा, नाव आणि आवाजाचं कलम मागवा आणि या क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा. कलम नसेल तर वारसांशी स्वतंत्र करार आधी, पैसे नंतर. गुंतवायचेच असतील तर पुंजीच्या 5 टक्क्यांपर्यंत, तेही एस्क्रो खात्यातून, म्हणजे अट पुरी होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे राहतात अशा खात्यातून : डोक्याच्या नमुन्याला लेखी मंजुरी मिळाली की पहिला हप्ता, साचा तयार झाला की दुसरा. मित्राला हे जमत नसेल तर पैसे मुदत ठेवीतच राहू द्या.