रामनमध्ये दोष दिसतात, मग ग्राफीनची पारदर्शकता का घटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रामन मोजणीत (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाहतात) ५३२ नॅनोमीटर लेसरवर एकथरी ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ जाळीचं, डी शिखर (दोषांमुळे उमटणारं, १३५० प्रति सेंमीजवळ) जाळीच्या नेहमीच्या जी शिखराइतकंच उंच येतं, तरी दृश्य प्रकाश ९७.७ टक्के पार जातो. मग दोषांनी बिघडलं काय?

आधी दोष मोजू. या लेसरसाठी १४४ ला डी-जी गुणोत्तराने भागलं की दोषांमधल्या अंतराचा वर्ग मिळतो, चौरस नॅनोमीटरमध्ये. गुणोत्तर १, म्हणजे अंतर सुमारे १२ नॅनोमीटर. साधारण १७ हजार कार्बन अणूंमागे एक दोष. उरलेलं २.३ टक्के शोषण अख्ख्या जाळीच्या पाय इलेक्ट्रॉनांचं (जाळीभर मोकळे पसरलेले इलेक्ट्रॉन) असतं, इतक्या विरळ दोषांनी ते ढिम्म हलत नाही. डी शिखराची गोष्टच वेगळी. निर्दोष जाळीत ते उमटतच नाही, कारण इलेक्ट्रॉन दोषावर आपटून विखुरल्याशिवाय संवेगाचा हिशेब जुळत नाही.

पण हे सूत्र १० नॅनोमीटरच्या वरच्या अंतरालाच चालतं. अंतर ३ नॅनोमीटरच्या आसपास आलं की गुणोत्तर कळस गाठून परत उतरतं, म्हणजे पार उद्ध्वस्त नमुन्यातही १ येऊ शकतं. इथेच बहुतेक जण फसतात. २७०० प्रति सेंमीजवळचं टूडी शिखर उंच आणि निमुळतं असेल तर काळजी नाही. ते बसकं झालं असेल आणि जी शिखर फुगून १६२० च्या डी-प्राइममध्ये (दोषांमुळेच येणारं दुसरं शिखर) मिसळलं असेल, तर तुम्ही कळसाच्या पलीकडे, उतारावर आहात.

डी-प्राइम सुटं दिसत असेल तर डीला त्याने भागून पाहा: १३ च्या आसपास आलं तर एसपी३ बंध (कार्बनला जाळीबाहेर चौथा बंध जडलेला), ७ तर निसटलेले अणू, ३.५ तर कणसीमा (जाळीचे वेगवेगळ्या दिशांचे तुकडे जुळतात ती रेघ). लेसरचा ठिपका तुकड्याच्या कडेवर पडू देऊ नका, कडाही डी शिखर देते. शक्ती १ मिलिवॅटच्या आत ठेवा आणि त्याच जागी दोनदा मोजा. दुसऱ्यांदा डी वाढलं तर दोष लेसरच पाडतोय.

प्रकाशीय परिणाम बघायचा तर दृश्य पट्टा सोडा. टेराहर्ट्झमध्ये (अवरक्ताच्याही खालच्या वारंवारतेत) दोषांमुळे वाहक, म्हणजे वीज वाहणारे मोकळे इलेक्ट्रॉन, लवकर विखुरतात, त्यामुळे त्यांचा ड्रूड प्रतिसाद (मोकळ्या वाहकांचं शोषण) रुंदावतो. अतिनीलमध्ये ग्राफीनचं शोषण २७० नॅनोमीटरजवळ कळस गाठतं. ऑक्सिजनने खच्चून भरलेल्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये तो २३० ला सरकतो, शिवाय ३०० जवळ खांदा (कळसाच्या बाजूचा छोटा फुगवटा) येतो, आणि क्षपणानंतर (ऑक्सिजन काढून टाकल्यावर) पुन्हा २७० कडे वळतो. हे मोजताना क्वार्ट्झ वापरा, साधी काच तिथला प्रकाश स्वतःच गिळते.