जाहिरात गेली, आता पाक्षिक कसं चालवायचं?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र नाशिकच्या सिडकोतून नोंदणीकृत पाक्षिक चालवतो. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याच्या नाल्यांवर बातम्या केल्या आणि मागचं पान घेणाऱ्या बिल्डरनं जाहिरात बंद केली. महिन्याचा खर्च ९० हजार. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला एक मित्र वर्षभराचा खर्च उचलतो म्हणतोय. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. परदेशी निधीच्या २०१० च्या कायद्यानं नोंदणीकृत वृत्तपत्राच्या मालक, संपादक, वार्ताहरांना परदेशी नागरिकाची अशी देणगी घेता येत नाही.

कायदा आडवा आला नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. तीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या वितरण खात्यात काढली. पहाटे चारला सीबीएस बसस्थानकावर गठ्ठे चढवले, एजंटांची बाकी वसूल केली. एक मोठा जाहिरातदार रुसला की आमचे पगार लांबायचे. वर्गणीदारही सुटायचे, पण सगळे एकाच महिन्यात कधी सुटले नाहीत. तुम्हाला बिल्डरच्या जागी दुसरा दाता नकोय. महिना शंभर रुपये देणारी नऊशे घरं हवीत.

वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला पोहोचेना, तेव्हा ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घेतलं, पट्टी स्वतःच गोळा केली. बर्लिनचं ‘ताझ’ हे दैनिक १९९२ पासून वाचकांच्या सहकारी संस्थेचं आहे, सभासद २० हजारांवर. म्हणजे ही रीत पाण्याला लागू पडते तशी बातमीलाही.

सिन्नर, मालेगावकडची तुमच्यासारखी छोटी पत्रं गाठा. हिशेबनीस एक ठेवा, आणि वकील तर मिळूनच ठेवा. नोटीस आली की एकटा माणूस आधी घाबरतो, मग बातमी मागे घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बातम्या मात्र ज्याच्या त्यानं कराव्यात. जमाखर्च दर महिन्याला अंकात छापा, कुणाकडून किती आले तेही.

वर्गणीची वेळ सांभाळा. निफाड-दिंडोरीत द्राक्षाचे पैसे हातात आले की मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची मागा. सातपूर-अंबडच्या कामगारांकडे पगार झाल्यावर, दहा तारखेच्या आत जा. फोनवर मागू नका, अंक घेऊन दारात उभे राहा. सुरुवात त्या नाल्याकाठच्या घरांपासूनच करा. तुमची बातमी खरी आहे, हे त्यांना सांगावं लागणार नाही.