हीव, हिवाळा आणि लघु हिमयुग

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय : "आमची आजी अजून 'आज भलतं हीव शे' म्हणते. परवा पेपरात युरोपातल्या जुन्या थंडीबद्दल 'लघु हिमयुग' असा शब्द वाचला. हीव आणि हिम एकच का? आणि तिकडे तेव्हा शेकडो वर्षं नुसता बर्फच होता का?"

पहिल्याचं उत्तर हो. संस्कृत 'हिम'मधल्या म-चा मराठीत व झाला, जसं ग्रामचं गाव, नामचं नाव. जुन्या छपाईत 'हिंव' असं दिसतं. तो अनुस्वार म्हणजे त्या म-चीच उरलेली खूण. हिवाळा म्हणजे हिमकाल, उन्हाळा म्हणजे उष्णकाल. अहिराणीत ळ-चा य होतो, म्हणून आजीचा 'हिवाया'. हिमालयाशी नातं अर्ध्या शब्दापुरतंच, तिथे मागे 'आलय' आहे.

संस्कृतात हिम म्हणजे थंडी आणि बर्फ दोन्ही. मराठीत मात्र वाटणी झाली. घरातल्या 'हीव'कडे थंडी आली, पुस्तकातल्या 'हिम'कडे बर्फ गेला. म्हणून हिवतापात बर्फ नसतो, हुडहुडी असते. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की नवं पान पोंग्यातच, म्हणजे गुंडाळलेल्या कोंबातच, अडकतं, पानं पिवळी पडतात, घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला, रखडतो. 'चरका' म्हणतात त्याला. मग पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडायचं. बर्फाचा कण नाही, तरी बाग हिवाने आजारी. (सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात अधूनमधून, पण तो भाग उंचावरचा.)

आता 'लघु हिमयुग'. मूळ इंग्रजी शब्द फ्रान्स्वा मॅथेस या भूशास्त्रज्ञाने १९३९ साली वापरला, आणि तोही पर्वतांवरच्या हिमनद्या गेल्या सुमारे चार हजार वर्षांत पुन्हा वाढल्या, त्याबद्दल. पुढे इतरांनी तो साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकांतल्या थंड काळाला चिकटवला. आपण 'हिमयुग' केलं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फाखाली गाडलेला युरोप उभा राहिला. प्रत्यक्षात मधली बरीच वर्षं तिथे साधीच होती, काही हिवाळे मात्र भयंकर. लंडनला थेम्स गोठून नदीवर जत्रा भरायची, शेवटची १८१४ साली. त्यातही जुन्या पुलाच्या अरुंद कमानींनी पाणी तुंबायचं, हा हातभार होताच. सगळंच थंडीच्या नावावर नको.

सर्वांत गाजला १७०९चा. ५ जानेवारीच्या रात्री थंडी एकाएकी कोसळली. व्हेनिसची खाडी गोठली, फ्रान्समध्ये झाडांची खोडं तडकली, पेरलेलं धान्य शेतातच मेलं, आणि पाठोपाठ दुष्काळ. फ्रेंच लोक त्याला जे म्हणतात त्याचा सरळ अर्थ 'थोरला हिवाळा'. मला हे नाव 'हिमयुगा'पेक्षा कितीतरी आवडतं. युगाची ऐट नाही, आणि 'थोरला' म्हटल्यावर मागे धाकटे आहेत हेही कळतं.

कारण एकच सांगता येत नाही. १६४५ ते १७१५ सूर्यावर डाग फार थोडे दिसत, त्याला माउंडर मिनिमम म्हणतात. पण सूर्याच्या तेजातला हा फरक फारच थोडा असतो. १७०७ साली जपानचा फुजी, इटलीचा व्हेसुव्हियस आणि ग्रीसचा सँतोरिनी हे ज्वालामुखी जागे झाले होते. आणि मुख्य म्हणजे वाऱ्याची दिशा : सैबेरियाकडची कोरडी हवा पश्चिमेला घुसली की युरोप गारठतो. आपल्याकडेही उत्तरेचा वारा सुटल्याशिवाय जळगाव-धुळ्याला कडाका पडत नाही.

ताईंच्या प्रश्नात नसलेला, पण याच घरातला एक शब्द : 'ज्वालामुखी हिवाळा'. एप्रिल १८१५ला इंडोनेशियातला तांबोरा फुटला. गंधकाचा वायू वातावरणाच्या वरच्या थरात गेला, त्याचे बारीक कण झाले आणि ते सूर्यप्रकाश परतवू लागले. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला, युरोपात पिकं बुडाली. म्हणजे बिघडला तो उन्हाळा, हिवाळा नव्हे. नाव मात्र हिवाळ्याचं. आजीला हे सांगायचं तर अहिराणीतच सांगावं : त्या साली उन्हाया उनाच नही, म्हणजे उन्हाळा आलाच नाही.