जुलाबाच्या गोळ्या घेतल्या की ओठावर त्याच जागी काळा डाग का पडतो?

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी आणि आत्ता, दोन्ही वेळा जुलाबाच्या गोळ्यांनंतर खालच्या ओठावर एकाच जागी आग होऊन डाग पडला, आणि घरचे म्हणतात अंगात उष्णता वाढली. उष्णतेचा डाग असा जागा धरून येत नाही. मी लालबागला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. निदान डॉक्टरच करतील, पण ही लक्षणं ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ची वाटतात. ठरावीक औषध पोटात गेलं की काही तासांत तीच जागा चुरचुरते, लाल-जांभळा गोल चट्टा उठतो, कधी फोड येतो, मग काळपट डाग महिनोन्महिने राहतो. पहिल्या वेळी त्या कातडीत आलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, म्हणून जागा बदलत नाही. असा चट्टा गुप्तांगावरही येतो. तेव्हा माणसं भलताच संशय घेऊन गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं.

नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या जोडगोळ्यांनी असं होऊ शकतं. पावसाळ्यात पोट बिघडलं की मुंबईत त्या सर्रास घेतल्या जातात. “मागच्या वेळची गोळी वेगळी होती,” असं बरेच जण सांगतात. दोन्ही पट्ट्या उलट्या करून शेजारी ठेवा. ब्रँडचं नाव वेगळं, खाली बारीक अक्षरांत घटक तेच! टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल एकाच घराण्यातली आहेत, एकाचा त्रास असेल तर दुसरंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोबत तापाची किंवा दुखण्याची गोळी घेतली असेल तर तेही सांगा, कारण तीही असू शकते.

पट्ट्या घेऊन केईएम, सायन किंवा नायरच्या स्किन ओपीडीत जा. खात्री करायला तीच गोळी पुन्हा घेऊन पाहू नका. दर खेपेला नवे चट्टे वाढू शकतात.

आणि हे मात्र थांबण्यासारखं नाही: ताप, तोंडभर फोड, डोळे लाल, कातडी दुखणं किंवा सोलवटणं, अंगभर गांधी उठून चेहरा सुजणं, धाप लागणं. मग ओपीडीची वेळ न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

निदान पक्कं झालं की घटकाचं नाव कागदावर लिहून घ्या, आधार कार्डाबरोबर ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात आधी तोच कागद दाखवा.